रुग्णाला नर्सिंगची गरज किती, हे मोजायचा तक्ता वॉर्डात कसा बसवायचा?

सुरंगी

आमचा सिंधुदुर्गातला ३० खाटांचा मिश्र वॉर्ड आहे, मेडिसिन आणि सर्जरी एकत्र. रोज २६ ते ३० रुग्ण असतात. ड्युटी सकाळी ४, संध्याकाळी ३, रात्री २ सिस्टर अशी लागते. जादा माणसं मागायची तर नुसता खाटांचा आकडा पुरणार नाही, रुग्णांच्या गरजेचा आकडा द्या, असं मेट्रनबाईंचं म्हणणं आहे आणि ते बरोबरच आहे. म्हणून तक्ता सुरू करायचा आहे. काही गोष्टी अडतायत:

आपल्यासारख्या वॉर्डाला कुठला तक्ता झेपेल? ज्याचं अंघोळ-जेवण-भांडं सगळं नातेवाईक करतात, त्याला गुण कमी द्यायचे का? एकाच रुग्णाला एक सिस्टर १४ देते आणि दुसरी १९, तर खरं कुठलं धरायचं? आणि शेवटी गुणांवरून माणसं किती लागतात ते कसं काढायचं?

खाजणवाट

सुरंगीताई, तक्त्यांच्या दोन जाती आहेत. एका जातीत मोजक्या वर्गांची वर्णनं लिहिलेली असतात आणि रुग्ण ज्या वर्णनाशी जुळेल त्या वर्गात टाकायचा. इंग्लंडमधलं सेफर नर्सिंग केअर टूल असंच आहे, त्याच्या मूळ पातळ्या ०, १अ, १ब, २ आणि ३. भरायला झटपट, पण वाद झाला की तो सोडवायला हाताशी काही नसतं. दुसऱ्या जातीत एकेका गरजेला गुण देऊन बेरीज करतात. वेळ थोडा जास्त जातो, पण १४ आणि १९ मधला फरक नेमका कुठल्या रकान्यात पडला ते बोट ठेवून दाखवता येतं. नव्याने सुरुवात करणाऱ्या वॉर्डाने दुसरी जात घ्यावी.

मिश्र वॉर्डाला ब्राझीलमधला फुगुलिन तक्ता सोयीचा आहे. रकाने ९, प्रत्येकाला १ ते ४ गुण, म्हणजे बेरीज ९ ते ३६. रकाने असे: मानसिक स्थिती, ऑक्सिजन, व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप, श्वास), हातापायांची हालचाल, चालणं-फिरणं, खाणं, अंगाची स्वच्छता, लघवी-शौच आणि औषधोपचार. व्हायटल्स दर ८ तासांनी असतील तर १, दर ६ तासांनी २, दर ४ तासांनी ३, दर २ तासांनी किंवा त्याहून लवकर असतील तर ४. खाण्यात स्वतः जेवतो १, भरवावं लागतं २, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) ३, शिरेतून पोषण ४. औषधांत तोंडी किंवा स्नायूतलं इंजेक्शन १, शिरेतून अधूनमधून २, सतत चालू ड्रिप किंवा ट्यूबमधून औषध ३, बीपी टिकवायची औषधं ४. बाकीचे रकाने याच चालीवर आहेत.

बेरीज ९ ते १४ म्हणजे किमान काळजी, १५ ते २० मध्यम, २१ ते २६ जास्त अवलंबून, २७ ते ३१ अर्ध-अतिदक्षता, ३१ च्या वर अतिदक्षता.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. फुरसं किंवा घोणस चावलेला रुग्ण, भरती होऊन दुसरा तास, एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) शिरेतून चालू. शुद्धीत आहे १, ऑक्सिजन नाही १, व्हायटल्स ४, पाय हलवू द्यायचा नाही म्हणून हालचाल २, खाटेवरून उतरायचं नाही म्हणून चालणं ४, खाणं १, स्वच्छता २, लघवीचा रंग आणि माप बघायला कॅथेटर (लघवीची नळी) म्हणून ४, औषध ३. बेरीज २२, जास्त अवलंबून. तोच रुग्ण तिसऱ्या दिवशी रक्त गोठायला लागल्यावर: १, १, २, २, २, १, २, २, २. बेरीज १५, मध्यम. एका रुग्णाचं ओझं दोन दिवसांत कसं उतरतं ते खाटांच्या संख्येत कधीच दिसत नाही.

मात्र त्या २२ मध्ये सगळं काम मावत नाही, हेही ध्यानात ठेवा. एएसव्ही सुरू केल्यावर सुरुवातीची मिनिटं सिस्टर खाटेपासून हलू शकत नाही. अंगावर गांध्या, खाज, घरघर, बीपी पडणं यांवर डोळा, ॲड्रिनॅलिन भरून हाताशी. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी तिनेच लावायची: शिरेतलं ताजं २ मिली रक्त, स्वच्छ कोरडी काचेची नळी, वीस मिनिटं न हलवता उभी, मग एकदाच तिरकी करून बघायची. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल चुकतो आणि सगळं पुन्हा. पुढे हीच चाचणी दर ६ तासांनी. म्हणून तक्त्याशेजारी शेऱ्याला जागा ठेवा.

नियम आधी लिहून भिंतीवर लावा: गुण रोज एकाच वेळी, सकाळचा राउंड संपल्यावर, मागच्या २४ तासांचे. दिवसभरात गरज बदलली तर जी सर्वांत वरची गरज निदान एक पूर्ण ड्युटी टिकली ती धरा. असा नियम नसेल तर एक सिस्टर रात्रीची अवस्था धरते, दुसरी समोरची, आणि दोघीही आपापल्या जागी खऱ्या असतात. तुमचे १४ आणि १९ बहुतेक इथूनच आलेत.

रातपाळी

नातेवाइकांचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. उत्तर ठाम आहे: गुण रुग्णाच्या गरजेला द्यायचे, ते काम कुणाच्या हातून झालं त्याला नाही. अर्धांगाचा रुग्ण खाटेवर पुसून काढावा लागत असेल तर स्वच्छतेला ४, मग पुसणारी सिस्टर असो, वॉर्डातली मदतनीस मावशी असो की सून असो. हात कुणाचे ते शेजारच्या रकान्यात एका अक्षराने लिहा: ‘सि’, ‘मा’ किंवा ‘ना’.

याचं कारण साधं आहे. नातेवाईक ही हजेरीपटावरची माणसं नव्हेत. भाताची लावणी लागली की दिवसभर खाटेजवळ कुणी नसतं. मुलगा मुंबईला, घरी दोघं म्हातारी, त्यातली एक ॲडमिट, असे रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. गणपतीत चाकरमानी आले की एकेका खाटेभोवती चार माणसं, आणि विसर्जन होऊन परतीच्या गाड्या सुटल्या की पुन्हा कुणी नाही. गुण नातेवाइकांवर ठरवले तर त्याच आजींची गरज सणाला कमी आणि सण सरल्यावर जास्त दिसेल. आजी तर तीच आहे.

आणि नातेवाईक करतात म्हणून सिस्टरचा वेळ वाचतो, हेही अर्धंच खरं. राइल्स ट्यूबमधून पेज नातेवाइकाने दिली तरी ट्यूब जागेवर आहे का ते सिस्टरनेच बघायचं, डोकं ३० ते ४५ अंश वर आहे ना, संपल्यावर लगेच आडवं केलं नाही ना, पाण्याने ट्यूब धुतली ना, हे सगळं तिनेच. आडव्या रुग्णाला घाईने पिचकारी दाबून पेज दिली की ती छातीत जाते, मग न्यूमोनिया, आणि १८ गुणांचा रुग्ण २८ वर जातो.

आता फुगुलिनबद्दल माझा आक्षेप. खाजणवाट यांनी तक्ता बरोबर सांगितला, पण त्याला दोन-तीन गोष्टी दिसत नाहीत आणि आपल्या वॉर्डात नेमक्या त्याच खूप आहेत.

पहिली, भ्रम झालेला चालता-फिरता रुग्ण. ताप आणि सोडियम कमी झालेल्या आजी. सकाळी विचारलं तर सोबतीची बाई म्हणते, “आजी बरी आसा, चलता-फिरता.” रात्री दोनला त्याच आजी खाट सोडून गोठ्यात जायला निघतात. त्यांचे गुण लावा: मानसिक २, चालणं २, खाणं २, स्वच्छता २, लघवी-शौच २, बाकी चार रकाने १. बेरीज १४. म्हणजे किमान काळजी! प्रत्यक्षात रात्रीच्या दोन सिस्टरपैकी एकीचं अर्धं लक्ष तिथेच असतं.

दुसरी, किती हात लागतात ते. एप्रिल-मेमध्ये आंब्यावरून पडलेले रुग्ण येतात. मणक्याला मार असेल तर कूस बदलताना एकीने डोकं-मान धरायची, दोघी-तिघींनी खांदा, कंबर, पाय एका रेषेत धरून एकदम वळवायचं. दर दोन तासांनी. लकव्याच्या किरकोळ अंगाच्या रुग्णाला एक सिस्टर आणि एक मावशी वळवतात. हालचालीच्या रकान्यात दोघांनाही तेच गुण.

तिसरी, समजावणं. बागेवर राखणीला असलेल्या नेपाळी गड्याला नवीन इन्सुलिन लागलं. डोस कसा भरायचा, सुई कुठे टोचायची, फ्रिज नसेल तर कुपी मडक्याच्या गारव्यात कशी ठेवायची, साखर उतरली तर काय वाटतं, हे तोडक्या हिंदीत सांगून त्याच्याकडून तीन वेळा करून घ्यायला बराच वेळ लागतो. तक्त्यात तो बाकी सगळीकडे १ चा रुग्ण.

यासाठी ‘सतत लक्ष’, ‘दोनपेक्षा जास्त माणसं’ आणि ‘शिकवणं’ असे तीन रकाने शेजारी ठेवा आणि फक्त खूण करा. त्यांचे गुण बेरजेत मिळवू नका. रकाने वाढवले की ९ ते १४, १५ ते २० या सीमा निरर्थक होतात, आणि तिथून पुढचा सगळा हिशेब चुकतो. ही चूक फार वेळा होते.

सुरंगी

खूप उपयोगी. काल दोघींना एकमेकींचं न बघता २० रुग्णांचे गुण द्यायला सांगितले. वर्ग ११ रुग्णांत जुळला, ९ मध्ये नाही. फरक मुख्यतः लघवी-शौच आणि व्हायटल्समध्ये. हे वाईट आहे का? आणि तासांचं कुणी सांगेल का?

हिशेबवही

११ म्हणजे ५५ टक्के. फिनलंडच्या राफाएला या गरज मोजायच्या पद्धतीत निदान ७० टक्के जुळणी मागतात, म्हणजे तुमच्या २० पैकी १४. त्याखाली असताना जमवलेले आकडे कुणाला दाखवू नका. पहिलाच प्रश्न “हे गुण दिले कुणी?” असा येईल आणि सगळी मेहनत वाया जाईल. हाताशी संगणक असेल तर ‘कापा’ हा जुळणीचा संख्याशास्त्रातला आकडाही काढा. दोघींनी डोळे मिटून कुठलाही वर्ग लिहिला तरी काही जुळणी आपोआप होतेच, कापा तेवढा भाग वजा करतो.

तुमचे दोन रकाने का फसतात ते उघड आहे. लघवी-शौचाला ३ आणि ४ मधली रेघ अशी: भांडं किंवा डायपर असेल तर ३, खाटेवरच आणि लघवीचं माप ठेवायला कॅथेटर असेल तर ४. एक सिस्टर डायपरला ४ देत असणार. व्हायटल्समध्ये घोळ वेगळा असतो. केसपेपरवर दोन तासांची ऑर्डर आहे, पण प्रत्यक्षात चार तासांनी बघितलं जातंय. गुण ऑर्डरचे की झालेल्या कामाचे? गरजेचे, म्हणजे ऑर्डरचे. पण मग भरतीच्या रात्री लिहिलेली दोन तासांची ऑर्डर चौथ्या दिवशीही तशीच राहते आणि गुण फुगतात. म्हणून राउंडला डॉक्टरांकडून ती रोज बदलून किंवा कायम करून घ्यायची. तक्त्याचा हा एक फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो: जुन्या ऑर्डरी मोकळ्या होतात.

सीमेवरच्या रुग्णांची वेगळी यादी करा. १४ आणि १५, २० आणि २१. एका गुणाने वर्ग बदलतो आणि त्या रुग्णाला लागणारे नर्सिंगचे तास (पुढे दिलेत) ४ चे ६ किंवा ६ चे १० होतात.

आता तास. ब्राझीलच्या नर्सिंग परिषदेच्या २०१७ च्या ठरावात प्रत्येक वर्गाला २४ तासांत द्यायचे नर्सिंगचे तास असे होते: किमान ४, मध्यम ६, जास्त अवलंबून १०, अर्ध-अतिदक्षता १०, अतिदक्षता १८. समजा तुमच्याकडे २८ रुग्ण: किमान १०, मध्यम ११, जास्त अवलंबून ५, अर्ध-अतिदक्षता २. हिशेब ४० + ६६ + ५० + २० = १७६ तास. तुमच्या ९ सिस्टर दिवसाला ९ × ८ = ७२ तास देतात.

हा १७६ चा आकडा तसाच उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवू नका! ते तास एकट्या नर्सचे नाहीत, नर्स आणि नर्सिंग टेक्निशियन मिळून अख्ख्या पथकाचे आहेत. किमान आणि मध्यम काळजीत त्यातला नर्सचा वाटा ३३ टक्के, जास्त अवलंबूनमध्ये ३६, अर्ध-अतिदक्षतेत ४२ टक्के धरला होता. आपल्याकडे टेक्निशियन ही फळीच नाही. ते काम सिस्टर, मावशी आणि नातेवाईक यांच्यात वाटलं जातं. म्हणून रातपाळी यांचा ‘सि-मा-ना’ रकाना हिशेबासाठी सोन्यासारखा आहे. कुठलं काम पात्रता नसलेल्या हाती जातंय ते त्यातून कळतं, आणि मागणीला वजन तिथून येतं.

तास उसने घ्यायचे नसतील तर राफाएलाची वाट घ्या. तिच्यात रुग्णाची गरज सहा भागांत बघतात: काळजीचं नियोजन, श्वास-रक्ताभिसरण-लक्षणं, खाणं आणि औषधं, स्वच्छता आणि उत्सर्जन, हालचाल-झोप-विश्रांती, शिकवणं आणि मानसिक आधार. प्रत्येकाला १ ते ४, बेरीज ६ ते २४. शिकवणं यात मुळातच आहे, त्यामुळे इन्सुलिनवाला रुग्ण निसटत नाही. दिवसाच्या सगळ्या गुणांना त्या २४ तासांत काम केलेल्या नर्सच्या संख्येने भागायचं. समजा गुण ३०६ आणि नर्स ९, तर एका नर्सच्या वाट्याला ३४.

३४ जास्त की कमी? ते तुमच्याच वॉर्डाने ठरवायचं. ड्युटी संपताना प्रत्येक सिस्टरने एक आकडा लिहायचा, उणे ३ ते अधिक ३. शून्य म्हणजे काम आणि हात यांचा मेळ बसला. असे चार-सहा आठवडे. मग आलेख काढायचा: आडव्या रेषेवर दिवसाची सरासरी, उभ्या रेषेवर त्या दिवशीचे नर्समागचे गुण. ठिपक्यांमधून जाणारी रेघ शून्यापाशी जिथे येते ती तुमच्या वॉर्डाची योग्य पातळी. ती २७ निघाली असं धरा. वर-खाली १५ टक्के सूट, म्हणजे २३ ते ३१. मग ३४ चा दिवस पट्ट्याच्या वर. आणि महिन्यातले किती दिवस वर होते, हा मागणीचा आकडा. “आम्हाला फार काम आहे” यापेक्षा “३० पैकी १७ दिवस पट्ट्याच्या वर” यावर कुणालाही बोलावंच लागतं.

ते चार-सहा आठवडे कुठले, याला कोकणात फार अर्थ आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लेप्टो आणि डेंग्यू, म्हणजे तासातासाची लघवी मोजणं आणि भरती-डिस्चार्जचा लोंढा. जानेवारी ते मे दोडामार्गच्या बाजूला माकडताप. उन्हाळ्यात विंचू: लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन देण्याची जी पद्धत महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी घालून दिली, तिच्यात हातपाय गरम होईपर्यंत दर ३ तासांनी गोळी आणि मध्ये सारखी नाडी-बीपी. नुसत्या शांत महिन्यात मोजलं तर पावसाळ्याला ते लागू पडणार नाही. निदान दोन हंगाम घ्या.

आणखी तीन गळती बुजवा. एक, रात्री बाराच्या गणतीत सकाळी येऊन संध्याकाळी गेलेला रुग्ण नसतोच. भरती, डिस्चार्ज, बदली, मृत्यू यांची रोज वेगळी संख्या ठेवा. दोन, रेफर झालेल्या रुग्णासोबत सिस्टर करूळ किंवा फोंडा घाटाने कोल्हापूरला किंवा खाली गोव्यातल्या बांबोळीला गेली तर तिची ड्युटी वॉर्डाच्या हातांतून वजा करा. हजेरीपटावर ती हजर दिसते, वॉर्डात नसते. तीन, पदं मागताना रजा धरा. ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि समजा ४५ रजा गेल्या तर २६८ उरतात. ३६५ भागिले २६८ म्हणजे १.३६. रोज ११ सिस्टर हव्या असतील तर पदं १५ लागतील. ४५ च्या जागी तुमच्या आस्थापनेचा खरा आकडा घाला, प्रसूती रजा विसरू नका.

भारतीय परिचर्या परिषदेचं शिक्षण रुग्णालयाला १:३ आणि साध्या रुग्णालयाला १:५ हे प्रमाण अर्जात जरूर लिहा. ते खाटांवर बसवलेलं आहे, रुग्णाच्या गरजेवर नाही, म्हणून तुमचा आकडा त्याच्याशेजारी ठेवा, त्याच्या जागी नव्हे.

पाणंद

आयसीयूच्या खाटा असतील तर त्या या तक्त्यात मिसळू नका. फुगुलिनमध्ये तिथले सगळे वरच्या वर्गात गोळा होतात आणि आपसातला फरक दिसत नाही. आयसीयूसाठी टिस-२८ हा वेगळा तक्ता आहे, त्यात एक गुण म्हणजे १०.६ मिनिटं आणि एका नर्सला एका ड्युटीत साधारण ४६ गुण झेपतात. गुणाकार करून बघा, आठ तासांच्या थोडं वर जातं. पण टिस उपचार मोजतं. अंग पुसणं, कूस बदलणं, घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलणं त्यात जवळपास नाही. त्यासाठी २००३ चं नर्सिंग ॲक्टिव्हिटीज स्कोअर बरं: २३ बाबी, उत्तर टक्क्यांत, १०० म्हणजे २४ तास एक पूर्ण नर्स. चार खाटांची बेरीज २७२ आली तर प्रत्येक ड्युटीला २.७ नर्स, म्हणजे तीन.

सुरंगी

आयसीयू वेगळी आहे, तिथे हे कळवते. एक शेवटचं: तक्ता कुठे ठेवायचा? वेगळं रजिस्टर केलं तर भरलं जाईल असं वाटत नाही.

रातपाळी

रजिस्टर नकोच. टीपीआर चार्टच्या (ताप-नाडी-श्वासाच्या तक्त्याच्या) मागच्या कोऱ्या बाजूवर ९ रकाने आडवे आणि ७ दिवस उभे आखून झेरॉक्स काढा. प्रत्येक रकान्याखाली १-२-३-४ चा अर्थ बारीक अक्षरात तिथेच छापा, पाठ करायला लावू नका. हँडओव्हरला केसपेपर उघडलाच जातो, तेव्हाच कालचे गुण दिसतात आणि फक्त बदललेला रकाना विचारायचा असतो. सकाळची इनचार्ज सगळ्या बेरजा एका कागदावर उतरवून घेईल. पहिले दोन आठवडे आकडे कुठेही पाठवू नका, फक्त जुळणी बघा. दर सोमवारी दोघींनी न बघता १० रुग्ण, आणि जो रकाना फसला त्यावर हँडओव्हरनंतर पाच मिनिटं. लघवी-शौचाची रेघ मात्र आजच लाल पेनाने आखून टाका.